विलायतेत पाट लावत नाहीत

आंजी (मोठी)
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या, नमस्कार.

पत्र पाहून दचकू नको, सगळे बरे आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही. मेसेज टाकला तर तुझ्याआधी अंकुशदादा वाचतो, मग पौर्णिमावहिनी वाचते, मग कोणीतरी तुझ्यासमोर उभं राहून ओरडून सांगतं आणि गल्लीला कळतं. म्हणून ही चिठ्ठी वर्धा-आर्वी गाडीच्या बबनराव कंडक्टरच्या हाती देते आहे. उत्तरही त्यांच्याजवळच दे.

मला लग्न करायचं आहे. झालं, लिहून टाकलं. मुलगा म्हणवत नाही, बेचाळीस वर्षांचा आहे. प्रफुल्ल नाव. पुलगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आपल्याच समाजाचा. त्याची सोडचिठ्ठी झालेली आहे आणि मी सहा वर्षांपासून विधवा, त्यामुळे कोणी कोणाला नावं ठेवायची सोय नाही. माझ्या काजलशी त्याचं चांगलं जमतं. ती त्याला 'मोटारवाले काका' म्हणते.

बाबांना सांगून दीड वर्ष झालं. ते नाही म्हणत नाहीत ग. नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. ते म्हणतात, 'थांब.' आधी म्हणाले, अधिक महिना आहे, थांब. मग सोयाबीन निघू दे. मग काजलची परीक्षा होऊ दे. मग म्हणाले, निवडणूक होऊ दे. माझ्या लग्नाचा आणि निवडणुकीचा काय संबंध, हे विचारलं तर चष्मा पुसत बसले. आणि शेवटी एकच वाक्य, 'पोरीचं काय? परक्याचं लेकरू कोणी आपलं म्हणते का?'

मी वर्ध्याला शाळेत शिकवते, चाळीस पोरांना गप्प बसवते, आणि घरी एका म्हाताऱ्याकडून हो की नाही एवढं काढता येत नाही. कोर्टात सही करून मोकळी झाले असते. पण काजल बाबांच्या मांडीवर वाढली आहे. तिला आजोबांपासून तोडून मला सुख लागणार नाही.

प्रफुल्लची आई थकली आहे. संक्रांतीपर्यंत इकडचं कळलं नाही तर ती दुसरीकडे बोलणी सुरू करणार आहे. तिचंही काही चुकत नाही.

बाबा तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. तू एक शब्द टाक.

तुझी,
वर्षाली

---

आर्वी
१९ ऑक्टोबर

चि. वर्षाली,

चिठ्ठी पोचली. बबनरावनं स्टँडवर हातात दिली आन काहीतरी बोलला. मी मान हलवली. आजकाल मी सगळ्याच बोलण्याले मान हलवते, लोकं खुश राहतात.

तुहं वाचून माहं डोकं फिरलं. दीड वर्ष झालं आन तू मले आता सांगून राह्यली? तुह्या बापाची थांबाची सवय जुनी हाय. त्याचं स्वतःचं लग्न ठरलं तवाही तो म्हणे, थांबा, आधी विहिरीले पानी लागू द्या. विहिरीले पानी लागलं नाई, तुही माय मात्र आली.

शब्द टाकतेच. पण पोरी, माही अडचण समज. मी बोलते, मग तो बोलते, मले ऐकू येत नाई आन मीच मान हलवून मोकळी होते. भांडाले कान लागतात. ते कानाचं मशीन शिट्ट्या मारते म्हणून डब्यात टाकून देल्लं.

आता एक सांगते, हासू नको. दसऱ्याच्या सुटीत माह्या नातीनं, आकांक्षानं, एक इंग्रजी सिनेमा लावला. मी तशीच बाजूले तूर निवडत बसली होती. आठ वर्षं झाली, टीवीवर लोकं तोंडं हलवतात आन मी तूर निवडते. पाह्यते तं काय, खाली हिंदीत लिहून येऊन राह्यलं. कोन काय म्हणते ते सगळं. मी सूप बाजूले ठेवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा मले कोनी सगळं सांगून राह्यलं होतं, आन तेही ओरडल्याशिवाय.

सिनेमा विलायतच्या राजघराण्याचा हाय. खरं किती आन बनवलेलं किती, ते त्यांचं त्याईले माहीत. दोघी बहिणी. मोठी राणी. धाकटीचं मन वाड्यातल्याच एका साहेबावर. तो सोडचिठ्ठीवाला. धाकटी मोठीले विचाराले जाते. सख्खी बहीण, पण आधी वाकून नमस्कार करा लागते, मंग बोला लागते. आन ती मोठी काय म्हणते माहीत हाय? म्हणते, थांब. वर्षभर थांब. वर्ष झालं तं म्हणते आणखी थांब. तोंडानं नाई म्हणत नाई. कुत्र्याईले बिस्किटं देते, चहा पिते आन थांब म्हणते. मले अस्सा राग आला. आकांक्षाले म्हटलं, त्यांच्यात पाट लावत नाई का, दुसऱ्या लग्नाचा? एवढं मोठं राज्य, आपल्यावर दीडशे वर्षं हुकूम चालवला, आन नवरा नसलेल्या बाईले, बायको सोडलेल्या मानसाले दोन घडीत पाट लावून देता येत नाई? आपल्याकडं अडाणी मानसं हे करत होती. चार मानसं बसली, नवं लुगडं देल्लं, झालं.

नेमकं तितक्यात अंकुश आला आन त्यानं क्रिकेट लावलं. पुढचं राह्यलं.

तुही चिठ्ठी वाचली आन मले राणीच्या जागी तुहा बाप, रूपरावच दिसला. चष्म्यासकट. भाऊबीजेले तो माह्याकडं येते. मी त्याले हा सिनेमा दाखवते. मानसाले आपलं तोंड आरशात दिसलं पाह्यजे, मंग बोला लागत नाई.

तुही आत्या,
विमल

---

आंजी (मोठी)
२५ ऑक्टोबर

आत्या,

हसू नको लिहिलंस तरी मी हसले. पण मला भीती वाटते. बाबा सिनेमात झोपतात. आणि सिनेमा दाखवून माणूस बदलत असता तर टीव्ही असलेल्या घरात सगळे संत निपजले असते. तू सरळ बोल ना. नाहीतर कागदावर लिहून त्यांच्या हातात दे.

काल पुन्हा विचारलं. म्हणाले, 'दिवाळी होऊ दे.' मी म्हटलं, कोणत्या वर्षाची? काजल फिस्सकन हसली आणि तिला बोलणी बसली.

आणखी एक, तो सिनेमा तू पूर्ण पाहिला आहेस ना? नसेल तर आधी पाहून घे.

वर्षाली

---

आर्वी
६ नोव्हेंबर

चि. वर्षाली,

काम झालं. पेढे आणून ठेव.

रूपराव आला. ओवाळलं, साडी देल्ली त्यानं, पानगे-वरण जेवला. मंग मी आकांक्षाले डोयानं खुणावलं. तिनं सिनेमा लावला. आधी तो भिंतीले टेकून पेंगत होता. राणीच्या डोक्शावर तो जड मुकुट ठेवला तसा ताठ बसला. मी सिनेमा कमी आन त्यालेच जास्त पाहून राह्यली होती. धाकटी वाकून नमस्कार करून विचाराले आली तवा त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. राणी थांब म्हणाली तवा त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, लागलं.

शेवटाले मी नव्हती. पौर्णिमानं हातानं बोलावलं म्हणून मी भजे तळाले गेली, पाहुणे येऊन राह्यले होते. परत आली तं सिनेमा संपला होता आन तुहा बाप रुमालानं डोळे पुसत होता. रूपराव. ज्यानं बैल गेला तवाही डोळ्यात पानी आणलं नाई. मी इचारलं, 'समजलं का रे आता?' तो काहीतरी लय बोलला, मले ऐकू आलं नाई, पण मान हलवत होता, मीही हलवली. मंग त्यानं माह्या पायावर डोकं ठेवलं.

म्हणजे त्या धाकटीचं लग्न झालं असन आन हा वितळला असन. आता त्याले चार दिवस देजो आन मंग विचारजो.

तुही आत्या

---

आंजी (मोठी)
१० नोव्हेंबर

आत्या,

पेढे आणले नाहीत.

तू सिनेमाचा शेवट न पाहता दाखवलास. मी विचारलं होतं तुला. मी काल शाळेतल्या एका बाईच्या फोनवर तो शेवट पाहिला. धाकटीचं लग्न होत नाही. ती स्वतःच त्या माणसाला सोडून देते. सगळ्या देशाला सांगते की घराण्यासाठी मी हे करते आहे. राणी खिडकीशी उभी राहते, बाजा वाजतो, आणि आपले बाबा रडतात. धाकटीसाठी नाही. राणीसाठी.

आल्या दिवसापासून घरात राणीशिवाय दुसरा विषय नाही. 'केवढी शिस्त. सख्खी बहीण, पण नियम म्हणजे नियम.' 'एवढी साम्राज्याची मालकीण, पण घराण्याले बट्टा लागू देल्ला नाई.' काल मला जेवताना म्हणाले, 'तुह्या आत्यानं मुद्दाम दाखवला मले. तिच्या मनातलं मी ओळखलं. म्हणून पाया पडलो.' आत्या, त्यांना वाटतं तू त्यांच्या बाजूची आहेस. 'माह्यावर किती ओझं हाय ते बाईलेच समजलं,' म्हणतात. मोठ्या बहिणीला बाई म्हणत ते आणखी एक भाकरी मागतात आणि मी वाढते.

आधी नुसतं थांब होतं. आता थांबच्या मागे राणी उभी केलीस तू.

पूर्वी मी म्हणायचे, बाबा, तुम्ही अडवताय. आता ते म्हणतात, मी कुठं अडवतो, तूच समजून घेशीन त्या धाकटीसारखी. म्हणजे सोडायचंही मीच आणि शहाणी म्हणवून घ्यायचंही मीच. आणि वर पुन्हा तेच, परक्याचं लेकरू कोणी आपलं म्हणत नाही. काजल समोर बसली होती. तिने ताट सरकवलं.

मला तुझा राग आला आहे. दोन दिवसांनी लिहिलं असतं तर बरं झालं असतं, पण बबनराव उद्या सुटीवर जाणार आहेत.

वर्षाली

---

आर्वी
१८ नोव्हेंबर

वर्षाली,

राग कर. माह्यावर नाई करशीन तं कोनावर करशीन.

मले काय माहीत त्या सिनेमावाल्याईनं असा शेवट केला हाय. दोन तास मानसाले रडवाचं आन शेवटी हे. आकांक्षाले पुन्हा लावाले सांगितला आन या डोयानं पाह्यला. ती धाकटी एकटी गाडीत बसून जाते. मी टीवीले जे बोलायचं ते बोलली, पौर्णिमा धावत आली का काय झालं म्हणून.

पण माहं डोकं आता सिनेमात नाई. तू लिहिलेलं एक वाक्य मी चारदा वाचलं. 'परक्याचं लेकरू कोनी आपलं म्हणते का.' हे रूपराव म्हणते? माहा रूपराव? पहिल्या चिठ्ठीतही तू हे लिहिलं होतं, तवा माह्या डोक्यात तुहं लग्न होतं, मी त्याच्यावरून सरकून गेली. दुसऱ्या कोनी म्हटलं असतं तं सोडून देल्लं असतं. त्यानं म्हणाव?

कागदावर लिहून त्याले देणार नाई. काही गोष्टी कागदावर ठेवाच्या नसतात. मी येते आंजीले. त्याच्या कानात दोन शब्द सांगाचे हायेत, त्याच्याच कानात. बाकी कोनाले कळाचं काम नाई. माह्या अंकुशलेही नाई.

कधी येऊ ते सांग.

विमल

---

आंजी (मोठी)
५ डिसेंबर

आत्या,

ये. आणि १५ तारखेलाच ये, रविवार आहे. का ते ऐक आणि डोक्याला हात लाव.

बाबांनी ज्येष्ठ नागरिक मंडळात राणीची गोष्ट इतकी सांगितली की मंडळाने ठराव केला, सिनेमा सगळ्या गावाने पाहावा. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, समाजभवनात. प्रोजेक्टर तानबा मंडपवाल्याचा, पडदा म्हणून आपल्या घरची पांढरी चादर. इंग्रजी कोणाला समजणार म्हणून हिंदी आवाजाचा मिळवला आहे. सुरुवातीला बाबा 'घराण्याची शिस्त' या विषयावर दोन शब्द बोलणार आहेत. मला म्हणाले, 'भाषण शुद्ध मराठीत लिहून दे.' मी लिहून दिलं. माझ्याच लग्नाविरुद्धचं भाषण मीच लिहिलं आणि वर ऱ्हस्वदीर्घ तपासून दिलं. याच्यापुढे काय राहिलं?

प्रफुल्लने काल फोन केला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. फक्त म्हणाला, 'संक्रांत जवळ आली.'

तू बाबांना काय सांगणार आहेस ते मला माहीत नाही. आता मला आशाही नाही. पण ये.

वर्षाली

---

आर्वी
१७ डिसेंबर

चि. वर्षाली,

परवा तुह्याशी बोलाले जमलं नाई. अंकुश गाडी घेऊन आलता आन त्यानं मले घाईघाईनं बसवलं. रस्ताभर बोलला नाई. तसा तो बोलला असता तरी मले काय कळणार होतं म्हणा. घरी आल्यावरही त्याचं तोंड फुगलेलंच हाय. सिनेमा आवडला नसन.

आता तुले सांगते मी रूपरावच्या कानात काय सांगितलं ते. एवढं झालं आन काही उपयोग दिसत नाई, मंग तुह्यापासून काऊन लपवू. वाच आन चुलीत टाक.

रूपराव आन मी एका बापाचे नाई. माही आई पहिल्या घरी विधवा झाली तवा मी सहा वर्षांची होती. मंग आंजीच्या तुह्या आज्यानं तिच्याशी पाट लावला. मी तिच्या बोटाले धरून आंजीत आली. रूपराव त्याच्यानंतरचा. तुह्या आज्यानं मले शाळेत टाकलं तं आपलं नाव देल्लं, आर्वीले लग्न करून देल्लं तं आपली पोरगी म्हणून देल्लं. माह्या सासरी कोनाले सांगितलं नाई. मंग सांगाची वेळच आली नाई, आन मंग सवय झाली. रूपरावले माहीत हाय. मिसूरड फुटली तवा आईनंच त्याले सांगितलं होतं. त्या दिवशी तो माह्याकडं आला आन काही न बोलता माह्या पोरासोबत दिवसभर खेळून गेला. आम्ही दोघांनी त्याच्यावर कधी एक शब्द काढला नाई.

परवा मी त्याच्याच बाजूच्या खुर्चीवर बसली. तिथं खाली लिहून येत नव्हतं, पण मले सिनेमा पाठ होता. दोघी बहिणी त्या लांब टेबलावर समोरासमोर बसतात, राणी थांब म्हणते, मंग बराच वेळ तोंड उघडत नाई. तितक्यात मी वाकून त्याच्या कानात हळूच म्हटलं, 'रूप्या, परक्याचं लेकरू कोनी आपलं म्हणत नाई म्हणते ना तू? मंग मी कोन? मी परक्याचीच होती. तुह्या बापानं मले खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. आन आईनं पाट लावला नसता तं तू आज या खुर्चीवर बसून भाषण देल्लं असतं का?'

अगदी हळू. जेवढं हळू बोलता येते तेवढं. तो चष्मा पुसत राह्यला. मंग उठून भाईर गेला. चपला घातल्या नाईत. आन गर्दीतले लोकं काऊन जानं माह्याकडं पाहून राह्यले होते. माहा पदर सरकला असन म्हणून मी तो सारखा केला.

त्याले लागलं की नाई ते सांगजो. मले त्याचा चेहरा वाचता आला नाई, आन एकदा वाचून फसलेली हाय मी.

विमल

---

आंजी (मोठी)
२७ डिसेंबर

माझ्या लाडक्या आत्या,

हे पत्र बसून वाच.

तू हळू बोलली नाहीस. तुला तुझा आवाज किती आहे ते कळत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तुलाच माहीत नाही. घरात तू 'हळूच' मीठ मागतेस तेव्हा शेजारी मीठ घेऊन येतात. आणि जिथे तू बोललीस तो सीन मुका होता ग. दोघी बहिणी गप्प बसलेल्या, बाजा नाही, काही नाही, फक्त घड्याळाची टिकटिक. सगळं समाजभवन श्वास रोखून बसलं होतं. त्यात तुझा आवाज. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या पोरांनासुद्धा ऐकू गेलं. दादाचं तोंड का फुगलं ते आता तुला समजेल.

तानबाने घाबरून सिनेमाच बंद केला. चादर पांढरी पडली आणि तिच्यासमोर तू पदर सारखा करत बसलेली. मला रडूही येत होतं आणि हसूही येत होतं.

मग बायकांच्या बाजूने म्हातारी देवकाबाई उठली. काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, 'खरं हाय. त्या दिवशी विमल आमच्या घरी होती. पाटाच्या जागी लेकराईले ठेवत नसत. माह्या मायनं तिले फुटाणे देल्ले, तिनं खाल्ले नाई, मुठीत धरून बसली होती.' कोणीतरी तिला बस म्हणालं तर तिने त्याच्याकडेच काठी केली. 'तू काय बस म्हणतं? तुह्या आजीचाही पाटच होता.' त्यानंतर जे सुरू झालं ते तुला ऐकू यायला हवं होतं. कोणाची आजी, कोणाची पणजी, कोणाची मोठी आई. घराण्याची शिस्त ऐकायला जमलेल्या गावात अर्धी घराणी पाटाची निघाली. सिनेमा कोणी पुन्हा लावला नाही. इतकी वर्षं ही सगळी माणसं गप्प कशी राहिली, याचाच मला राग येतो आहे.

बाबा तीन दिवस बोलले नाहीत. माझ्याशी नाही, काजलशीही नाही. मी म्हटलं, संपलं, आता थांबसुद्धा म्हणणार नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी विहिरीवरची मोटार काढली. ती मोटार चांगली चालत होती ग, आदल्या दिवशीच गव्हाला पाणी दिलं होतं. ती ऑटोत घातली आणि आंजीत, वर्ध्यात इतके मेकॅनिक असताना पुलगावला घेऊन गेले. पुढचं मला प्रफुल्लने सांगितलं. बाबांनी ओळख दिली नाही. नुसते म्हणाले, 'पाहून दे.' त्याने मोटार उघडली, तपासली, पुन्हा बंद केली. म्हणाला, 'काका, हिला काही झालं नाही.' बाबा म्हणाले, 'माहीत हाय मले.' आणि स्टुलावर बसले. त्याने चहा सांगितला. बाबांनी बशीत ओतून चहा संपवला. मग बाबांनी विचारलं, 'काजलचं काय?' प्रफुल्ल म्हणाला, 'तिला अजून मी विचारलं नाही. ती हो म्हणाली तरच पुढचं.' बाबा म्हणाले, 'माह्या बाईले कोनी इचारलं नव्हतं.' एवढंच. आणि मोटार घेऊन परत आले.

रात्री जेवताना बाबांनी काजलला जवळ बसवलं आणि विचारलं, तुझे मोटारवाले काका घरी आलेले चालतील का. काजल म्हणाली, 'मी तर कधीपासून म्हणतेय, मला कोणी विचारतच नाही.' बाबा उठून नळावर हात धुवायला गेले. मग तिथूनच म्हणाले, 'तुह्या आत्याले लिही. तारीख तिनं काढावी. संक्रांतीच्या आधीची.'

आत्या, तिकडे दादा आणि वहिनी तुझ्याशी कसे वागताहेत? तुझं इतक्या वर्षांचं झाकलेलं माझ्यापायी उघडं पडलं. मला झोप लागत नाही.

तुझीच,
वर्षाली

---

आर्वी
२ जानेवारी २०२५

चि. वर्षाली,

तुही चिठ्ठी वाचली आन मी तासभर तोंड लपवून बसली. सगळ्यांनी ऐकलं. मागच्या भिंतीपर्यंत. आन मी पदर सारखा करून राह्यली होती.

मंग विचार केला, गेलं तं गेलं. माह्या आईनं काय चोरी केली होती? पोटची पोर घेऊन ती एका चांगल्या मानसाच्या घरी गेली. लपवाची लाज मीच इतकी वर्षं सांभाळत बसली. आता मले माहाच राग येते.

अंकुश पंधरा दिवस फुगून होता. 'मले काऊन नाई सांगितलं' म्हणून. काल पौर्णिमानं आकांक्षाची पाटी आणली, त्याच्या हातात खडू देल्ला आन माह्यासमोर बसवलं. त्यानं लिहिलं, 'तुह्या खऱ्या बापाचं नाव काय होतं?' मी म्हटलं, खरा बाप आंजीचाच. पहिल्याचं नाव गणपत होतं. त्यानं ते पाटीवर लिहून पाह्यलं आन पुसलं नाई. पाटी तशीच ठेवली हाय टीवीवर. आता ज्याले माह्याशी बोलाचं ते पाटीवर लिहून बोलते. आठ वर्षांत हे कोनाले सुचलं नव्हतं, राणीच्या सिनेमानं एवढं मात्र केलं.

तारीख मी काढली. १२ जानेवारी, रविवार. पंचांग पाह्यलं नाई. पंचांग पाहून तुहा बाप पुन्हा थांब म्हणन.

आता माह्या अटी ऐक. आईचा पाट अंधार पडल्यावर झाला, मागच्या दारानं, दिवा एक, मानसं चार. मले देवकाच्या घरी ठेवलं होतं. मी रात्रभर ते फुटाणे मुठीत धरून होती, कारण मले वाटलं आई आता येणार नाई. तुहं तसं कराचं नाई. दिवसा कराचं, उन्हात, पुढच्या दारात. काजलले कोनाच्या घरी पाठवाचं नाई. ती पहिल्या खुर्चीवर बसन, तिसऱ्या खुर्चीवर मी बसीन आन आम्हा दोघींच्या मधात रूपराव बसन. देवकाले म्हणा, माहे फुटाणे घेऊन ये, आता खाते.

आन बँड लावजो. पैशाचा विचार करू नको, तानबाले सांगजो म्हणाव बाईनं सांगितलं हाय. एवढ्या मोठ्यानं वाजला पाह्यजे की मलेही ऐकू यावा.

तुही आत्या,
विमल